मनाचे दुखणे आणि आपल्या पोरांचे शिक्षण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही कामाला पिंपरीत आलो, तेव्हा पोराने काय शिकायचे हे ठरलेलेच असे. फिटर, टर्नर, नाहीतर वेल्डर. आयटीआय, मग अप्रेंटिस, मग पर्मनंट. त्यावरच आपली घरे उभी राहिली. पण आज चाकणला जाणारी आपली कितीतरी पोरं कंत्राटावर आहेत. पाळी बदलते, झोप मोडते, आणि ब्रेक मिळाला की हात रिकामे.

आमच्या गल्लीतला एक डिप्लोमा झालेला मुलगा असाच घरी बसला. बोलेना, जेवेना, रात्रभर जागा. आम्ही म्हटले, आळशी झालाय. कोणी म्हणाले, लग्न करून द्या. कोणी तर देवऋषी सुचवला, तोही आपल्या वस्तीत! वर्ष असेच गेले. शेवटी सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण त्याला बोलते केले ते तिथल्या समाजसेविकेने. ती घरी आली, आईला समजावले, बापाचा राग शांत केला. तेव्हा आम्हाला कळले, हेही एक शिक्षण असते.

हे शिक्षण आपल्याकडे नवीन नाही. मुंबईत १९३६ साली टाटांची समाजकार्याची संस्था निघाली. पुण्यात १९६३ पासून कर्वे समाज सेवा संस्था आहे. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ मजूर खाते सांभाळले. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमण्याची अट घातली. म्हणजे कारखान्यात मशीनइतकीच माणसाचीही देखभाल लागते, हे कायद्यानेच मानले.

आता तोच मुलगा मुक्त विद्यापीठातून पदवी करतोय. पुढे एम.एस.डब्ल्यू. करायचे म्हणतो. त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते. मनोरुग्णांसाठीचा समाजसेवक व्हायचे, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येप्रमाणे त्यापुढे दोन वर्षांचे एम.फिल.ही लागते. वाट लांब आहे. पगार सुरुवातीला थोडा, नोकरी पुष्कळदा कंत्राटीच. हे लपवून आम्ही कोणाला फशी पाडणार नाही.

वडील म्हणतात, "डिप्लोमा फुकट गेला." आम्हाला तसे वाटत नाही. पुण्यात १९८६ साली अवचट दांपत्याने मुक्तांगण सुरू केले. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे दुसऱ्याला आधार द्यायला उभी राहिली. ज्याने रात्रपाळी केली, ब्रेक सोसला, त्याच्यापुढे कामगार मन मोकळे करील. मशीनचा आवाज बदलला की चांगल्या ऑपरेटरला आधी कळते, माणसाचे तसेच.

म्हणून मंडळाला आमची विनंती आहे. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो, तसा एका तरी मुलाला किंवा मुलीला या शिक्षणासाठी फीचा हातभार लावा. आणि घरात कोणी गप्प गप्प झाले, तर "लोक काय म्हणतील" म्हणून थांबू नका. सरकारचा टेली-मानस हा १४४१६ क्रमांक २०२२ पासून आहे. फोन फुकट, मराठीतही बोलता येते.

आम्ही त्या पोराला वर्षभर आळशी म्हणालो. ती चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून एवढे बोललो.

जयभीम.