डॉक्टरवरील दावा आणि त्याचे घर



या सभागृहात डॉक्टर बसले आहेत, तसे त्यांचे रुग्णही बसले आहेत. म्हणूनच, निष्काळजीपणाचा दावा दाखल झाला म्हणजे डॉक्टरच्या मनाचे काय होते, हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. न्याय मागण्याच्या रुग्णाच्या हक्काविषयी आमच्या मनात तिळमात्र किंतु नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो.

मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. तेव्हापासून डॉक्टरला नोटीस येणे ही अपूर्व गोष्ट राहिली नाही. तथापि ज्याच्या हाती ती पडते, त्याच्यावर आभाळच कोसळते. ज्या रुग्णासाठी रात्री जागून काढल्या, त्याच्याच आप्तांनी आपणांस निष्काळजी म्हणावे, हा घाव द्रव्यहानीहून खोल जातो. झोप उडते, आणि साधे औषध लिहितानाही हात अडखळतो.

या दुखण्यातील सर्वांत घातक अंश, आमच्या मते, लाज हा होय. लाजेपायी नोटीस कपाटात जाते, पत्नीलाही कळत नाही, आणि दिवस निघून जातात. ग्राहक आयोगापुढे उत्तर देण्यास मुदत ३० दिवसांची, फार तर आणखी १५ दिवसांची. त्यापुढे आयोगाला मुदत वाढविता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली निक्षून सांगितले. निर्दोष डॉक्टरही केवळ गप्प बसल्याने आपली बाजू मांडण्याची संधी गमावू शकतो!

यास्तव घरच्यांनी पहिल्याच दिवशी वकिलास गाठावे आणि व्यवसायाचा विमा असल्यास विमा कंपनीस लेखी कळवावे. केसपेपरला कोणी हात लावू नये. भीतीपोटी मागाहून घातलेली एक ओळ खरी नोंदही संशयास्पद करून सोडते. प्रकरणाचा तपशील वकिलापाशीच बोलावा, परंतु मनातील भीती घरात अवश्य बोलावी. या दोहोंची गल्लत झाली की डॉक्टर सर्वच बाबतींत मुका होतो.

धीरही दीर्घ लागतो. पुण्यातील एका डॉक्टरविरुद्धच्या दाव्याचा सर्वोच्च न्यायालयातील निकाल १९६८ साली लागला. मूळ अपघात १९५३ चा आणि भरपाई ३,००० रुपयांची. डॉक्टर हरले. कायदा यशाची हमी मागत नाही, वाजवी कौशल्य व काळजी मागतो, हे त्या निकालात स्पष्ट झाले. पण ती पंधरा वर्षे डॉक्टरने कशी काढली असतील, आणि मुलगा गमावलेल्या त्या पित्याने कशी?

आरोप झाला एवढ्यावरून डॉक्टरला सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली बजावले. तरीही मार्च २०२२ मध्ये राजस्थानातील लालसोट येथे, प्रसूतीनंतर रुग्ण दगावल्यावरून खुनाचा गुन्हा नोंदविला जाताच एका स्त्री डॉक्टरने आत्महत्या केली. म्हणून डॉक्टर जेवेनासा, बोलेनासा झाला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर त्यास एकटे सोडू नये. मनोविकारतज्ज्ञाकडे तत्काळ न्यावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही घरात लिहून ठेवावा.

उरला प्रश्न ज्ञातीचा. लग्नकार्यात पंक्तीला बसून कुजबुज करण्यात आपण कोणास हार जाणारे नव्हे! ती निकालापर्यंत आवरावी. फिर्यादी कुटुंबही बहुधा आपल्याच ओळखीचे असते. ज्या ज्येष्ठ डॉक्टरांनी स्वतः असे दावे सोसले आहेत, त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत, अशी आमची विनंती आहे. नोटीस आलेल्या तरुण डॉक्टरसोबत पहिल्या तारखेला आयोगाच्या बाकावर जाऊन बसणे, एवढेच काम त्यांच्याकडे राहील.