नदीकाठची रेषा कोण आखणार?

(मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीआरझेड हा शब्द गोव्यात आता घरोघरी पोचला आहे. पण त्यात नेमका बदल काय, असे विचारले की दहा जण दहा उत्तरे देतात. म्हणून आज घोषणा बाजूला ठेवून कागदावर काय आहे ते आधी सांगतो.

१९९१ च्या फेब्रुवारीत पहिली किनारी नियमन अधिसूचना निघाली. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमनाखाली आला आणि ग्रामीण भागात त्यातले पहिले २०० मीटर 'ना विकास क्षेत्र' ठरले. २०११ साली ती बदलली, २०१९ साली पुन्हा बदलली. मात्र २०१९ ची अधिसूचना आपोआप लागू होत नाही. तिच्यानुसार राज्याचा किनारी व्यवस्थापन आराखडा मंजूर व्हावा लागतो; तोवर जुनाच चालतो. तेव्हा आपली गाठ आहे ती आराखड्याच्या नकाशाशी.

"२०० मीटरचे ५० झाले" ही ओरड आपण सर्वांनीच ऐकली. ती अर्धीच खरी आहे. समुद्रकाठी ५० मीटरची सवलत फक्त अशा ग्रामीण भागाला, जिथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरमागे २१६१ हून अधिक माणसे राहतात. संबंध गोव्याची सरासरी त्या जनगणनेत ३९४ होती. प्रत्येक गावाचा आकडा वेगळा तपासावा लागेल, पण बहुतेक खेड्यांत समुद्राकडचे २०० मीटर कायम राहतील असे आम्हांला वाटते.

खरा फटका नदीकाठाला आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. शापोरा, मांडवी, जुवारी, साळ या नद्यांत भरतीचे पाणी आत कैक मैल चढते. २०११ च्या नियमात अशा पाण्याच्या काठी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी ते राखीव होते. २०१९ च्या नियमात त्या १०० चे ५० झाले. समुद्राकाठी जागा उरली नाही म्हणून हॉटेलवाल्यांची नजर नदीकडे वळलेली असताना ही सूट मिळते आहे!

आणि नदीकाठी आहे काय? आपली खाजने. सुमारे १८ हजार हेक्टर जमीन पूर्वजांनी बांध घालून खारट पाण्यातून सोडवली. मानशीची दारे भरतीच्या जोराने मिटतात, ओहोटीला उघडतात. शेतात कोरगुट पिकते आणि मानशीवरच्या मासळीची पावणी होते. एका ठिकाणी बांध फुटला की खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरते. त्यामुळे "माझ्या जमिनीत मी काहीही करीन" हे खाजनात चालत नाही, कधी चाललेही नाही. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी तरतूद होती: खाजनांचे नकाशे करावेत, त्यांत बांधकाम होऊ नये, वाळूच्या टेकड्या राखाव्यात, मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग येथील कासवांच्या जागा सांभाळाव्यात. हे संरक्षण नव्या आराखड्यात शब्दशः उतरले पाहिजे, ही आमची पहिली मागणी.

आणखी एक बारीक कलम. 'ना विकास क्षेत्रा'तून राष्ट्रीय वा राज्य महामार्ग जात असेल, तर त्याच्या जमिनीकडच्या बाजूला हॉटेल आणि रिसॉर्टला परवानगी मिळू शकते. मात्र मंजूर आराखड्यात पर्यटन योजना असावी लागते. म्हणजे उद्या कोणता रस्ता राज्य महामार्ग म्हणून जाहीर होतो, तिकडेही डोळे उघडे ठेवायला हवेत.

कात्रीचे दुसरे पाते राज्याच्या नगरनियोजन कायद्यात आहे. २०२३ साली १७(२) कलम आले आणि प्रादेशिक आराखडा २०२१ मधल्या 'चुका दुरुस्त' करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा झोन बदलू लागला. १३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठीचे नियम रद्द केले. त्याआधीच, २०२४ मध्ये, झोन बदलण्यासाठी ३९अ हे कलम कायद्यात घातले गेले होते. एकीकडे रेषा ५० मीटरवर आणायची, दुसरीकडे मोकळ्या झालेल्या पट्ट्याचा झोन बदलायचा.

आमच्यातल्याच काहींचे शॅक आहेत, काहींना जुने घर दुरुस्त करून दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत. त्यांना आमचा विरोध नाही. तात्पुरते शॅक भरतीरेषेपासून १० मीटर सोडून घालता येतात, पण त्यालाही आराखड्यात पर्यटन योजना लागते. ती योजना आपण केली नाही, तर दुसरा कोणी आपल्या सोयीने करील. रापणकाराच्या होडीची जागा त्यात कोण दाखवणार?

२०२१ च्या मार्चमध्ये मागच्या आराखड्याची जनसुनावणी झाली. हरित लवादाच्या आदेशाने ती जुलैमध्ये पुन्हा घ्यावी लागली. लोक बोलले म्हणूनच ते झाले. १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीचाही वापर मान्य आहे. तेव्हा नकाशाची टिपणे मराठी-कोंकणीत मागा आणि सुनावणीत मराठीत किंवा कोंकणीत निःसंकोच बोला.

प्रत्येक वाड्यावरून एक कागद आम्हांला हवा आहे. त्यावर सर्व्हे नंबर, बांध, मानशी, होड्या ओढायच्या जागा आणि नदीवर जायच्या जुन्या वाटा लिहा. पंचायतीत नकाशा लागेल त्या दिवशी तो कागद घेऊन आमची माणसे तिथे हजर असतील.