नियम होण्याआधी आपल्याला विचारलं का?

(बेसा येथे महासंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



मला विषय दिला आहे 'शासकीय नियम आणि महिला'. नाव ऐकूनच झोप येईल असा विषय आहे. म्हणून शासनापासून नाही, आपल्या गटापासून सुरुवात करते.

समजा गटाची बचत १०० रुपयांवरून २०० करायची आहे. आपण काय करतो? बैठकीत विषय निघतो. एखादी मावशी म्हणते, "माह्याकडून नाही होत बाई, मले दीडशेच जमते." चर्चा होते. त्या दिवशी जी आली नाही तिला निरोप जातो. पुढच्या बैठकीत ठराव होतो, प्रोसिडिंगवर सह्या होतात, आणि मग पुढच्या महिन्यापासून नियम लागू होतो. म्हणजे आपण आधी सांगतो, विचारतो, ऐकून गरज असेल तर बदलतो, आणि लिहून ठेवतो. हे आपण वर्षानुवर्षं करतो आणि त्यात काही विशेष करतोय असं आपल्याला वाटतही नाही.

आता लाडकी बहीण योजनेकडे या. आधीच सांगते, मी योजनेला नावं ठेवायला उभी नाही. महिन्याच्या १५०० रुपयांत पोरांची फी, सासूचं औषध, गटाचा हप्ता निघतो, हे मी तुमच्याच घरी बसून पाहिलं आहे. पण नियम कसे झाले ते बघा. २८ जून २०२४ ला शासन निर्णय निघाला. १ जुलैपासून अर्ज, १५ जुलैला मुदत संपणार. वय २१ ते ६०. अधिवास प्रमाणपत्र पाहिजे. घरी पाच एकरापेक्षा जास्त शेती नको. आठवतं ना, काय धावपळ झाली? रोजी पाडून आपण दाखल्यासाठी रांगेत उभ्या होतो.

आणि मग थोड्याच दिवसांत काय झालं? मुदत ३१ ऑगस्ट झाली. वय ६५ झालं. शेतीची अट निघाली. अधिवासाचा दाखला नसेल तर १५ वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला चालेल असं ठरलं. बदल चांगलेच होते. शासनाने ऐकलं, त्याचं कौतुकच आहे. पण जी बाई १ जुलैलाच दाखल्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून बसली, तिला ते दोन दिवस कोण परत देणार? खेड्यातल्या बाईकडे अधिवासाचा दाखला सहसा नसतो, ही गोष्ट कुठल्याही अंगणवाडी ताईने जूनमध्येच पाच मिनिटांत सांगितली असती. विचारायला पाहिजे होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. १८ सप्टेंबर २०२५ ला ई-केवायसीचा निर्णय आला, दोन महिन्यांची मुदत. योजनेत पात्र नसलेल्यांनी पैसे घेऊ नयेत म्हणून पडताळणी व्हावी, याला आपली ना नाही. पण त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं.

आपल्या एका गटातली ताई माझ्याकडे मोबाईल घेऊन आली. नाव सांगत नाही. नवरा नऊ वर्षांपूर्वी सोडून गेला, कुठे आहे माहीत नाही. वडील वारले. ती म्हणाली, "मी कोनाचा नंबर टाकू वो ताई?" मी समाजकार्याची पदवी घेतली आहे, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गप्प बसले, आणि ती चहा न घेता निघून गेली.

नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत, किंवा घटस्फोट झाला आहे, त्यांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, असं सांगण्यात आलं. विधवा बहिणींची वाट मोकळी झाली. पण ज्या ताईला नवऱ्याने टाकलं, तिच्याकडे ना मृत्यूचा दाखला, ना घटस्फोटाचा. आणि गंमत बघा, योजनेच्या पहिल्याच निर्णयात लाभार्थी म्हणून विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्यासोबत 'परित्यक्ता' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे! निर्णयात ती होती, ई-केवायसीच्या पानावर तिच्यासाठी रकानाच नव्हता. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पान बनवताना अशा एकाही बाईला विचारलं नसेल, एवढंच म्हणते.

तुम्ही म्हणाल, शासन काय घरोघरी विचारत फिरणार का? नाही. पण कायद्यात याची सोय आहे. १९०४ चा एक जुना कायदा आहे, सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम. नाव जिभेवर येत नाही, सोडून द्या, काम लक्षात ठेवा. ज्या कायद्यात 'आधी प्रसिद्धी' करून नियम करा असं लिहिलं आहे, तिथे शासनाने आधी मसुदा छापायचा, तारीख द्यायची, आणि त्या तारखेपर्यंत आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्यायच्या. केंद्र सरकारनेही २०१४ मध्ये धोरण ठरवलं की कायदा-नियमांचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. अडचण अशी की आपल्या योजना बहुतेक शासन निर्णयाने, म्हणजे जीआरने चालतात. जीआर आज निघतो आणि आजच लागू होतो. त्याला मसुदा नाही, हरकत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की ज्या जीआरमुळे लाखो बायांना कागद गोळा करावे लागतात, त्याचाही मसुदा आधी यावा. पंधरा दिवस मिळाले तरी पुरे.

दुसरी गोष्ट कळवण्याची. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ वाचा. त्यात लिहिलं आहे की लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी माहिती प्रसिद्ध करावी, आणि ती स्थानिक भाषेत, त्या भागात सगळ्यात उपयोगी पडेल अशा पद्धतीने पोचवावी. फलक, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा, सगळं त्यात येतं. आणि प्रत्यक्षात? मी एका कार्यालयात गेले होते. काचेच्या कुलूपबंद फलकात, तीन कागदांच्या मागे चौथा कागद: हरकती मागवण्याची सूचना. मुदत आदल्याच दिवशी संपलेली. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "आम्ही तर लावली होती ना मॅडम." लावली होती, खरं आहे. पण वाचणार कोण आणि कशी? खरी सूचना पोचत नाही तेव्हा मोबाईलवर खोट्या लिंका पोचतात, आणि आपली बाई फसते.

आपल्या बेसा-पिपळ्यात तर आणखी एक बदल झाला आहे. ग्रामपंचायत होती तेव्हा दवंडी होती, ग्रामसभा होती, तिच्याआधी महिलांची सभा होती. आता नगरपंचायत आहे, ग्रामसभा नाही. पण प्रभाग रचना, मालमत्ता कराची यादी, विकास आराखडा, या सगळ्यांचं प्रारूप आधी प्रसिद्ध होतं आणि हरकती मागवल्या जातात. तिथे आपण दिसतो का? बिल्डर दिसतात. आपण दिसत नाही. आजूबाजूच्या ज्या गावांत अजून ग्रामपंचायत आहे, तिथल्या तायांनो, तुमची महिला सभा कागदावरच होते की खरंच होते, ते आधी बघा.

मग करायचं काय? मी चार कामं सुचवते.

पहिलं, प्रत्येक ग्रामसंघाने दोघींना फलक बघण्याचं काम द्यावं. पंधरा दिवसांतून एकदा नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, अंगणवाडी. 'प्रारूप', 'मसुदा', 'हरकती व सूचना' हे शब्द दिसले की फोटो काढायचा आणि मुदतीची तारीख ग्रुपवर टाकायची.

दुसरं, हरकत लिहायला वकील लागत नाही. साधा कागद, मराठीत, चार ओळी: कोणता नियम, कुणाला त्रास, का, आणि काय बदल पाहिजे. दोन प्रती न्यायच्या, एकीवर पोच घ्यायची. पोच नाही तर हरकत नाही असंच धरून चाला.

तिसरं, आपल्या हरकतीचं काय झालं ते विचारायचं. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालील बाईला तेही लागत नाहीत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

चौथं, महासंघाने एक निवेदन द्यावं. महिलांच्या योजनेचा नियम बदलण्याआधी मसुदा अंगणवाडी, रेशन दुकान आणि ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवावा. आणि परित्यक्ता बहिणींनी कोणता कागद द्यायचा, याचं लेखी उत्तर मिळावं.

ती ताई आज इथेच बसली आहे. तिची परवानगी घेऊनच मी बोलले. निवेदनावर पहिली सही तिची असावी असं मला वाटतं.

पण हे माझं म्हणणं झालं. तुम्हाला न विचारता ठराव केला तर मग मी आणि ते साहेब एकच. म्हणून हा फक्त मसुदा समजा. हरकती आणि सूचना असतील तर आत्ताच बोला, सचिवताई लिहून घेतील. पुढच्या बैठकीत ठरवू.