टाकीतला ऊस

(जुन्नर येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



बाहेर तुमच्या गाड्या उभ्या आहेत. त्यांच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. २०१४ साली ते दीड टक्क्याच्या आसपास होतं. गाडीचं ॲव्हरेज कमी झालं, ही तुमची कुरकुर मी ऐकली आहे. मला दुसरा हिशेब मांडायचा आहे.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. दहा लिटरची टाकी भरली की दोन लिटर इथेनॉल आलं. ते उसाचं असेल, तर पाच हजार लिटरच्या टँकरपेक्षा जास्त पाणी गेलं. वजू करताना नळ उघडा राहिला तर घरातले मोठे लगेच टोकतात, इसराफ नको म्हणतात. इथे टोकणारं कोण आहे?

साखर काढून उरलेल्या मळीचं इथेनॉल केलं तर माझी काही तक्रार नाही. पण २०१८ च्या धोरणानं थेट उसाचा रसही इंधनासाठी मोकळा केला. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीनं सरकारलाच त्यावर निर्बंध घालावे लागले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ते उठले. मक्याचंही तेच. चिकनचा धंदा करणाऱ्यांना कोंबडीखाद्याचा भाव विचारा.

आता आपल्या भागाकडे या. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. डिंभ्यासाठी आदिवासींची गावं पाण्याखाली गेली. पाणी कालव्यानं खाली आलं आणि ऊस वाढला. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव कधी कोसळेल सांगता येत नाही; उसाला निदान ठरलेला दर आहे.

त्याच उसात बिबट्या राहतो. मादी उसातच पिल्लं घालते, तोडणी सुरू झाली की ती सापडतात. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवर इतके हल्ले झाले की सगळा तालुका हादरला. बिबट्या काही इथेनॉलमुळे आला नाही, हे खरं. पण उसाला नवं गिऱ्हाईक मिळालं की ऊस कमी होण्याची शक्यताच उरत नाही.

आणि त्या फडात सगळ्यांत आधी शिरतो तो तोडणी कामगार. बीडकडून, अहिल्यानगरकडून नवरा-बायकोची जोडी येते, तिला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस पडून राहिलं तर खाडा धरून पैसे कापतात. पहाटे अंधारात बाई फडावर जाते, बाळ बांधावर झोळीत. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळी आली, पोट दुखलं, तर खाडा पडतो म्हणून. डॉक्टरांच्या कमाईचाही त्यात हात होता, तो विषय वेगळा.

या इंधनाला हरित म्हणतात. परदेशी तेलावरचा खर्च वाचतो, कारखान्यांना पैसा लवकर मिळतो, हे मी नाकारत नाही. पण दर ठरवताना त्या बाईचं दुखणं कुठल्या रकान्यात येतं?

आपल्या हातात थोडं आहे, ते सांगतो. दिवाळीच्या सुमारास कोप्या पडतील. आपल्या गावाजवळच्या तळावर चार-पाच जणांनी जा. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत त्यांना इथल्या दुकानातून धान्य मिळू शकतं, अनेकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. कार्ड पाहा, दुकानदाराकडे सोबत जा. तळावर रात्री दिवा आहे का, संडास आहे का, सहा वर्षांखालची मुलं किती, एवढं वहीत लिहा. ती वही घेऊन आपण आधी ग्रामपंचायतीत आणि मग कारखान्यावर जाऊ. बहिणींनो, तुम्ही आलात तरच तिथल्या बायका बोलतील. ज्यांना यायचं आहे त्यांनी आत्ताच, चहाच्या आधी, नावं द्या.