उत्तेजक द्रव्ये : अपराध एकाचा, हानी अनेकांची



२४ सप्टेंबर १९८८ रोजी सेऊल ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या बेन जॉन्सनने १०० मीटरची शर्यत ९.७९ सेकंदांत जिंकली. तीनच दिवसांत त्याचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. त्याच्या लघवीच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे निषिद्ध द्रव्य आढळले होते. दोन वर्षांची बंदी आली, जाहिरातींचे करार गेले. १९९३ मध्ये तो पुन्हा दोषी ठरला आणि त्याच्यावर आजन्म बंदी घालण्यात आली.

अपराध्याला दंड झाला, हे योग्यच झाले. परंतु निरपराध्यांचे काय? २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जमैकाच्या संघाने ४ बाय १०० मीटर रिले शर्यत जिंकली. जपून ठेवलेल्या नमुन्यांची पुढे फेरतपासणी झाली. त्यात नेस्टा कार्टर हा एक धावपटू दोषी ठरला आणि २०१७ मध्ये साऱ्या संघाचे पदक गेले. उसेन बोल्टलाही, स्वतःचा काही दोष नसताना, आपले सुवर्णपदक गमवावे लागले.

आपल्या शरीरात काय जाते, याची जबाबदारी नियमांनुसार खेळाडूचीच असते. अजाणता घेतले, एवढ्याने तो दोषमुक्त होत नाही. भारतातही २०२२ च्या कायद्याने उत्तेजकविरोधी व्यवस्थेला वैधानिक आधार दिला आहे.

म्हणून तालमीत वा शाळेच्या मैदानावर कोणी मुलांना अनोळखी भुकटी, गोळ्या किंवा इंजेक्शन देऊ लागल्यास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्यास वेळीच अटकाव करावा. पदक उशिरा मिळाले तरी चालेल. ते निष्कलंक असले पाहिजे.