कपडे, दुखणी आणि किशोरांचे इंग्रजी
(पन्हाळा येथील इंग्रजी शिक्षकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)

पन्हाळा तालुक्यातला आठवीचा विद्यार्थी इंग्रजीचा तास सुरू होण्याआधीच बरेच इंग्रजी बोलून मोकळा झालेला असतो. शर्ट, पँट, स्वेटर, सॉक्स, बेल्ट, लेगिंग हे शब्द कोडोलीच्या बाजारात आणि कोतोलीच्या घराघरांत मराठी म्हणूनच नांदतात. दवाखान्याची भाषा तर याहून पुढे गेलेली आहे. इंजेक्शन, सलाईन, एक्सरे, रिपोर्ट, ॲडमिट, डिस्चार्ज, बीपी, शुगर हे शब्द शाळेची पायरी न चढलेली आजीही सहज वापरते. तरीही पाठ्यपुस्तकात आरोग्य किंवा पोशाख हा घटक आला, की वर्गात चित्र आणि चित्राखाली नाव अशी पंधरा-वीस नामांची यादी वहीत उतरवून घेतली जाते. मुलाकडे जे आहे तेच त्याला पुन्हा दिले जाते. त्याच्याकडे नसते ते वाक्य. ‘पोटात कालपासून दुखतंय’ किंवा ‘हा शर्ट मला घट्ट होतो’ एवढे इंग्रजीत सांगायची वेळ आली, की खिशातली सगळी नामे निरुपयोगी ठरतात. रोजच्या विषयांतून इंग्रजी शिकवण्याची पद्धत म्हणूनच क्रियापदाच्या बाजूने सुरू व्हायला हवी.

नामांकडे लक्ष द्यायचे ते एका वेगळ्या कारणाने. मराठीत आलेल्या इंग्रजी नामांनी इथे आपला अर्थ बदलून घेतला आहे. कोल्हापूरकडे ‘ड्रेस’ म्हणजे सलवार-कमीज किंवा शाळेचा गणवेश. इंग्रजीत तो बहुधा एकसंध झगा असतो. ‘आईला शुगर आहे’ म्हणजे मधुमेह आहे, ‘बीपी आहे’ म्हणजे रक्तदाब वाढलेला आहे. हे शब्द तसेच इंग्रजी वाक्यात नेऊन बसवले, तर मराठी डॉक्टरला कळेल, परक्या माणसाला कळणार नाही. अशा दहा-बारा शब्दांची चर्चा एका तासात संपते, आणि तेवढीच पुरे.

यादीची सवय कुठून आली, हे पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर इंग्रजी शिकल्या. तिच्यातल्या वाक्यांची आज थट्टा होते, पण तिथे शिकवण्याचे एकक वाक्य होते, हे विसरता येत नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही काळ इंग्रजी आठवीपासून होते, पुढे ते पाचवीवर आले. त्या काळात देशभर रचनांवर आधारलेल्या पद्धतीचा जोर होता. तिचे मोठे केंद्र म्हणजे १९५८ साली हैदराबादला स्थापन झालेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश. कन्नड कवी वि. कृ. गोकाक तिचे संचालक होते, आणि त्याआधी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते. ‘धिस इज अ पेन’ची घोकंपट्टी कंटाळवाणी होती, पण तिथेही मूल वाक्यच म्हणत होते. पाठ्यपुस्तके काढणारी बालभारती १९६७ साली सुरू झाली, आणि २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. सहा वर्षांच्या मुलाला रंग, फळे, कपडे, शरीराचे अवयव यांची नावे शिकवणे योग्यच आहे. घोटाळा पुढे होतो. तोच विषय, तीच चित्रे आणि तेच शब्द आठवीपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहतात, आणि चौदा वर्षांच्या मुलाला ‘नोज, इअर, हँड’ म्हणायला लावले जाते. त्याचा कंटाळा हा आळस समजला जातो.

पोशाखाचा विषय किशोरांसाठी किती खोल आहे, हे मराठीकडे पाहिले की कळते. मराठी माणूस शर्ट घालतो, साडी नेसतो, फेटा बांधतो, घोंगडी पांघरतो, चष्मा लावतो. इंग्रजीत या सगळ्यांना एक ‘वेअर’ चालतो. मुलांना हे सोपे वाटते आणि इथेच ती फसतात, कारण इंग्रजीने भेद दुसऱ्या ठिकाणी केला आहे. कपडा अंगावर चढवण्याची क्रिया म्हणजे ‘पुट ऑन’, तो अंगावर असण्याची स्थिती म्हणजे ‘वेअर’. मराठी हाच भेद काळाच्या रूपाने दाखवते: ‘ती स्वेटर घालतेय’ ही क्रिया, ‘तिनं स्वेटर घातलाय’ ही स्थिती. पण या दुसऱ्या वाक्याचे इंग्रजी ‘शी इज वेअरिंग अ स्वेटर’ असे होते. मराठीचा पूर्ण काळ इंग्रजीत चालू काळ होतो. ‘तो बसलाय’, ‘बाळ झोपलंय’, ‘ती दारात उभी राहिलीय’ ही वाक्येही याच वाटेने जातात. एका स्वेटरवरून मुलांच्या हाती हा धागा लागला, तर चालू वर्तमानकाळाच्या व्याख्येला दिलेले कित्येक तास वाचतात. पँट फाटली, चष्मा हरवला या मराठी एकवचनांचे इंग्रजीत अनेकवचन होते, हेही इथेच ओघात सांगून टाकावे.

पन्हाळ्याच्या धुक्यापावसात हा विषय आपोआप स्थानिक होतो. इरले, घोंगडीची खोळ, प्लॅस्टिकचा कागद, रेनकोट, छत्री यांपैकी इरल्याला इंग्रजीत सोयीचे नाव नाही. म्हणून तर ते शिकवायला उत्तम. नाव नसलेल्या वस्तूचे वर्णन करावे लागते: ती कशाची असते, कोण वापरते, कशासाठी, ती घेऊन चिखलात वाकून रोपे कशी लावता येतात. संबंधी सर्वनामे आणि ‘मेड ऑफ’सारख्या रचना इथे कामाला लागतात. जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्यासह १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. झुणका-भाकरीच्या टपरीपर्यंत येणारा परदेशी पाहुणा हेच प्रश्न विचारणार आहे, आणि त्यांची उत्तरे कोणत्याही शब्दकोशात तयार मिळणार नाहीत.

कोल्हापुरी चप्पल हा याच विषयातला सर्वांत समृद्ध धडा. तिचे कान, अंगठा आणि पट्टा मुलांना ठाऊक असतात. कापशी चप्पल वेगळी का, यावर ती हिरिरीने भांडतात. चामडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावले जाते, तळ शिवला जातो, वेणी घातली जाते: एवढ्या वर्णनात कर्मणी प्रयोग नैसर्गिकपणे येतो, कारण इथे करणाऱ्यापेक्षा होणाऱ्या कामाला महत्त्व आहे. २०१९ साली या चपलेला महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने अगदी तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर, ही कल्पना भारतीय पारंपरिक चपलांवरून सुचल्याचे कंपनीने पत्राने मान्य केले. नववीच्या वर्गासाठी यापेक्षा चांगला पत्रलेखनाचा विषय शोधून सापडणार नाही. वर्षानुवर्षे मुले काल्पनिक मुख्याध्यापकांना काल्पनिक रजेचे अर्ज लिहीत आली आहेत. इथे खरा पत्ता आहे आणि खरी तक्रारही.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. ‘दिवाळीला कोणते नवे कपडे घेतले?’ हा प्रश्न ऊसतोड मजुराच्या मुलाला भर वर्गात विचारणे म्हणजे त्याला गप्प बसवणे. गणवेश, पाऊस, यंत्रमागावर विणले जाणारे कापड, शर्टाच्या कॉलरखालची धुण्याच्या सूचनांची पट्टी, हे विषय सर्वांचे आहेत. त्या पट्टीवरची ‘डू नॉट ब्लीच’सारखी वाक्ये नकारार्थी आज्ञेची आयती उदाहरणे आहेत, आणि ती फुकट मिळतात.

आरोग्याचा विषय याहून अवघड आणि याहून फलदायी आहे. मराठीत आजार माणसाकडे येतो: मला ताप आला, मला खोकला झाला, मला चक्कर आली. दुखण्यात कर्ता अवयव असतो: डोके दुखते, पाय ठणकतो. ‘मळमळतंय’ या वाक्याला तर कर्ताच नाही. इंग्रजी बहुतेक ठिकाणी माणसाला कर्त्याच्या जागी बसवते आणि आजार त्याच्या मालकीचा करते: ‘आय हॅव अ कोल्ड’, ‘आय फील सिक’. मराठी मुलाचे ‘टू मी फीव्हर केम’ हे वाक्य हास्यास्पद वाटते, पण त्यामागे आपल्या भाषेचे निर्दोष व्याकरण उभे आहे. ते व्याकरण शिक्षकाने आधी मराठीतच उलगडून दाखवले, तर चूक एका दिवसात सुटते असे नाही; पण मूल स्वतःला मठ्ठ समजायचे थांबते. ‘हेडेक’, ‘टूथेक’, ‘बॅकेक’ असे जोडशब्द चालतात, मात्र पायाचा तसा शब्द होत नाही, घशासाठी ‘सोअर थ्रोट’ लागतो. या विसंगती पाठच कराव्या लागतात, त्यांना तर्क नाही. ‘माय हेड इज पेनिंग’ हे भारतभर समजते. बोलताना ते खपवून घ्यावे आणि लिहिताना पर्याय दाखवावा. प्रत्येक वाक्यावर लाल शाई ओतणारा शिक्षक मुलांना मुकेपणा शिकवतो.

याच विषयात इंग्रजीचा सर्वांत छळणारा काळ दडलेला आहे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘कधीपासून?’ हा असतो. मराठीत उत्तर वर्तमानकाळात येते: तीन दिवसांपासून ताप आहे. इंग्रजीला मात्र पूर्ण वर्तमानकाळ हवा: ‘आय हॅव हॅड फीव्हर फॉर थ्री डेज.’ पुस्तकात हा काळ सूत्र म्हणून येतो, म्हणून तो परीक्षेनंतर टिकत नाही. दवाखान्यात त्याला कारण आहे: त्रास आधी सुरू झाला आणि अजून संपलेला नाही. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांचा फरकही ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवस’ या दोन उत्तरांतून स्पष्ट होतो. सल्ला देण्याची भाषा, औषधाच्या वेळा, जेवणाआधी की नंतर, हे त्यापुढचे टप्पे आहेत.

वाचनाचे साहित्यही शाळेतच असते. सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांना आठवड्याला लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी दिली जाते. ती का दिली जाते, हे बहुतेकांना माहीत नसते, आणि मळमळ होईल या भीतीने कित्येक मुले ती खिशात घालतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींत ५९.१ टक्के आणि मुलग्यांत ३१.१ टक्के रक्तक्षय आढळला. या दोन आकड्यांवर साध्या इंग्रजीत दहा वाक्यांचा उतारा तयार करणे कोणत्याही शिक्षकाला जमेल. तो मुले लक्ष देऊन वाचतील, कारण त्यात त्यांच्याविषयी लिहिलेले असेल.

किशोरवय आणि शरीर हा जोड संकोचाचा आहे. मुली एकमेकींत ‘पिरियड्स’ म्हणतात. परक्या शब्दाने थोडे अंतर मिळते, आणि मराठीत न बोलता येणारी गोष्ट बोलता येते. इंग्रजीच्या तासाने या अंतराचा फायदा घ्यावा. त्यासाठी स्वतःच्या दुखण्याऐवजी तिसऱ्याच्या दुखण्यावर बोलायला द्यावे. एक कल्पित रुग्ण, त्याची लक्षणे, त्याला द्यायचा सल्ला असे असले, की मुलगे खिदळत नाहीत आणि मुली खाली पाहत नाहीत.

साठ मुलांच्या वर्गात हे कसे करायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर दक्षिण भारतातच तयार झाले. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रास परिसरातल्या साध्या शाळांत एक प्रयोग चालवला. त्यात व्याकरणाचे पाठ नव्हते. वेळापत्रके, नकाशे यांवरचे छोटे प्रश्न होते. आधी शिक्षक संपूर्ण वर्गाबरोबर एक प्रश्न सोडवी, मग तसाच दुसरा प्रश्न प्रत्येकाने स्वतंत्रपणे सोडवायचा. गट पाडण्याची, बाके हलवण्याची गरज नव्हती. पन्हाळ्याच्या शाळेत याच पद्धतीने औषधाची चिठ्ठी वापरता येते: एक गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस, दुसरी रात्री झोपताना, तीन दिवस, प्रत्येक पाकिटात दहा गोळ्या, तर कोणत्या किती उरतील? मुलाचे लक्ष गणितावर असते आणि इंग्रजी वाचले जाते. प्रभूंच्या प्रयोगावर पुढे वादही झाले, विशेषतः व्याकरण इतके बाजूला ठेवावे का यावर. महाराष्ट्रात मराठीच्या आधाराने थोडे व्याकरण सांगणे अधिक हिताचे ठरेल.

शेवटी परीक्षा. २०१८-१९ मध्ये भाषा विषयांचे २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन बंद झाले आणि दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. त्या गोंधळात एक गोष्ट उघडी पडली: हे गुण निकालाला टेकू म्हणून पाहिले जातात. बऱ्याच शाळांत ते मोजण्याऐवजी वाटले जातात. पाठ केलेल्या स्वपरिचयावर वीसपैकी अठरा मिळत असतील, तर मुलांनी ‘कधीपासून?’चे उत्तर का शिकावे?

या गुणांसाठीच्या तोंडी परीक्षेत बदल शाळेच्या पातळीवरच करता येतो, त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. मुलाला एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर रुग्णाची दोन लक्षणे किंवा दुकानात बदलून घ्यायच्या शर्टाचे माप असावे. समोरच्याला चिठ्ठी दाखवायची नाही, तीन मिनिटांत काम उरकायचे. काम झाले का, यावर निम्मे गुण, भाषेवर निम्मे. प्रश्न विचारणारा मात्र शेजारच्या शाळेतला शिक्षक असावा, कारण स्वतःच्या शिक्षकाचे प्रश्न मुलांना आदल्या दिवशीच ठाऊक असतात. कोडोली, कोतोली, कळे, बाजारभोगाव या गावांतल्या शाळा एकमेकींपासून इतक्या लांब नाहीत, की दोन दिवसांसाठी शिक्षकांची अदलाबदल जमू नये.