ओळख हीच तिजोरीची किल्ली



व्यापारी पेढ्यांच्या जुन्या व्यवहारात ‘शाहजोग हुंडी’ नावाचा एक प्रकार होता. ही हुंडी वाटेत कितीही हातांतून फिरली, तरी तिची रक्कम अखेरीस बाजारात पत असलेल्या ‘शाह’ म्हणजे प्रतिष्ठित सावकारालाच मिळत असे. हुंडी आणणारा कोण, कोठला, त्याला बाजारात कोण ओळखते, याची चौकशी केल्याखेरीज पेढी पैसे मोजीत नसे. हुंडी गहाळ झाली तर तिच्या बदल्यात ‘पेठ’ आणि तीही हरवली तर ‘परपेठ’ लिहून देण्याची रीत होती. कागद चोराच्या हाती लागला, तरी पत त्याच्या हाती लागत नाही, हे त्या व्यवस्थेचे मर्म होते.

आजचा बँकव्यवहार नेमका याच ठिकाणी बदलला आहे. पैसे देणारे यंत्र माणसाचे तोंड पाहत नाही. कार्डावरील आकडे, पिन, एकदाच वापरावयाचा ओटीपी, नोंदविलेला भ्रमणध्वनी आणि आधारशी जोडलेला बोटाचा ठसा, यांपैकी त्या व्यवहाराला लागणाऱ्या खुणा जुळल्या, की यंत्राच्या लेखी समोरचा मनुष्य खातेदारच असतो. म्हणून आजचा चोर तिजोरी फोडीत बसत नाही. तो खातेदाराची ओळख चोरतो. मराठी भाषेला ‘तोतया’ हा शब्द नवा नाही. पूर्वी राजवंशाचे आणि सरदारांचे तोतये निघत; आता बचत खाते असलेल्या कोणाही सामान्य गृहस्थाचा तोतया निघू शकतो, एवढाच फरक.

यंत्र किती सहज फसते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची संगणकीय यंत्रणा भेदून, बनावट कार्डांच्या साह्याने २८ देशांतील एटीएममधून काही तासांत पैसे काढण्यात आले. १३ ऑगस्टला आणखी रक्कम परदेशी वळविण्यात आली. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी रुपयांचे होते. व्यवहारास होकार देणारी यंत्रणाच चोरांनी खोटी उभी केली होती. जे मोठ्या बँकेच्या बाबतीत घडू शकले, ते एकट्या खातेदाराच्या बाबतीत घडविणे चोराला अधिकच सोपे. त्यासाठी त्याला संगणक भेदावा लागत नाही. माणसाचे मन भेदले तरी पुरते.

मन भेदण्याची पहिली वाट भयाची. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’, ‘केवायसी अपूर्ण असल्याने खाते गोठेल’, ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले’, असे निरोप येतात. दुपारची वेळ, घरी एकटे निवृत्त गृहस्थ, पडद्यावर गणवेशातील मनुष्य आणि ‘कोणाशी बोललात तर कुटुंबही अडकेल’ अशी धमकी. यालाच ‘डिजिटल अटक’ म्हणतात. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये स्पष्ट केले, की अशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही. पोलीस, सीमाशुल्क खाते किंवा न्यायालय दृश्य-संभाषणावरून कोणाला अटक करीत नाही आणि ‘तपासणीसाठी’ पैसे मागवीत नाही.

दुसरी वाट लोभाची. परतावा, बक्षीस, समभागांतील अचाट नफा यांची आमिषे याच वाटेवर भेटतात. येथे एकच नियम स्मरणात ठेवावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. ‘रक्कम मिळविण्यासाठी पिन घाला’ असे जो सांगतो, तो चोरच होय.

तिसरी वाट बेसावधपणाची, आणि येथे खातेदाराला चोरीची चाहूलही लागत नाही. खोटी कागदपत्रे देऊन त्याच्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड घेतले जाते. मग ओटीपी चोराच्या हातातील यंत्रावर उतरतात. चालू भ्रमणध्वनीचे नेटवर्क अचानक गेले आणि परत आले नाही, तर त्याच घटकेला कंपनीकडे व बँकेकडे चौकशी करावी. जमिनीच्या दस्तांवरील अंगठ्याच्या ठशांची नक्कल करून आधार-आधारित केंद्रांतून पैसे काढल्याचे प्रकारही देशात घडले आहेत. यावर उपाय आहे. आधार प्राधिकरणाच्या सुविधेने बोटांचे ठसे कुलूपबंद ठेवता येतात आणि गरजेपुरतेच उघडता येतात. जेथे आधारची प्रत द्यावीच लागते, तेथे शक्य असेल तर केवळ शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्यावी. आपल्या नावावर किती भ्रमणध्वनी जोडण्या आहेत, हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’वर पाहता येते.

घरातील शिस्त फार अवघड नाही. ओटीपी, पिन आणि कार्डामागील तीन आकडे बँकेच्या अधिकाऱ्यालाही सांगू नयेत. खरा अधिकारी ते विचारीतच नाही. बँकेचा दूरध्वनी क्रमांक महाजालावर शोधू नये. तो पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते; तेव्हा पत्त्याचा शेवट तपासण्याची सवय लावावी. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप भ्रमणध्वनीत उतरवून घेऊ नये. काही ॲपमुळे समोरच्याला सर्व पडदा दिसू लागतो. मोठी ठेव एका खात्यात आणि रोजच्या व्यवहाराची थोडी रक्कम दुसऱ्या खात्यात ठेवावी, व यूपीआय त्या दुसऱ्यालाच जोडावे. प्रत्येक व्यवहाराचा लघुसंदेश चालू ठेवावा आणि तो वाचावा.

संस्थांना ही शिस्त अधिक लागू आहे, कारण तेथील पैसा दात्यांचा असतो. दोन स्वाक्षऱ्यांचा नियम एकाच्या लबाडीपासून संस्थेला वाचविण्यासाठी केलेला असतो. परगावी जाताना कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवणारा विश्वस्त तो नियम स्वतःच मोडीत काढतो. ५० हजार रुपये वा त्याहून अधिक रकमेच्या धनादेशांसाठी १ जानेवारी २०२१ पासून ‘पॉझिटिव्ह पे’ सुविधा सुरू झाली. धनादेशाचा तपशील बँकेला आधीच कळविला, की खाडाखोड उघडी पडते. देणगीपेटीवरील क्यूआर कोडवर कोणी दुसराच कागद चिकटविला नाही ना, हे रोज सकाळी एक रुपया पाठवून पाहणे, हे कोषाध्यक्षाचे नित्यकर्म असावे.

एवढे करूनही चोरी झाली, तर काय करावे? पहिला तास सोन्याचा. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. तो वाटेत अडविता आला, तरच परत मिळण्याची आशा. त्यासाठी १९३० हा राष्ट्रीय मदतक्रमांक आहे. लगेच बँकेला कळवून खाते व कार्ड थांबवावे, लेखी तक्रारीची पोच घ्यावी आणि पोलिसांत नोंद करावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याविषयी महत्त्वाची तत्त्वे घालून दिली. दोष बँकेचाही नाही आणि खातेदाराचाही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना बँकेकडून संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर खातेदारावर भार नाही. चार ते सात दिवसांत दिली, तर सर्वसाधारण बचत खात्याबाबत हा भार जास्तीत जास्त १० हजार रुपये. परंतु खातेदाराने स्वतः ओटीपी वा पिन दिला असेल, तर कळविण्यापूर्वीचे सर्व नुकसान त्याचेच; कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चूक झालेली असली, तरीही लवकर कळविण्यातच हित आहे. बँकेने तक्रार फेटाळली वा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

मात्र हा सोन्याचा तास बहुधा लाजेपायी वाया जातो. आयुष्यभर हिशेब चोख ठेवलेला मनुष्य फसला, की प्रथम पैशाहून अब्रूची चिंता करतो. ‘मुलाला काय सांगू? सून काय म्हणेल?’ या विचारात रात्र जाते, आणि सकाळपर्यंत रक्कम दहा खात्यांपलीकडे पोचलेली असते. त्याचे मौन चोराच्या फार उपयोगी पडते. म्हणून घरातील तरुणांनी आजच सांगून ठेवावे, ‘बाबा, काही झाले तरी आधी आम्हांला सांगा. कोणी रागावणार नाही.’ या एका वाक्याने जे वाचते, ते कोणत्याही यंत्राने वाचत नाही.

तरुणांसाठीही एक इशारा आहे. ‘तुझे खाते थोडे दिवस वापरायला दे, महिना काही हजार मिळतील’, असे कोणी म्हटले, तर ती नोकरी नव्हे. त्याच खात्यातून एखाद्या म्हाताऱ्याची जन्माची पुंजी वाहून जात असते, आणि पोलिसांचे पाऊल प्रथम त्याच दारी पडते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ सी ओळखीच्या चोरीला आणि ६६ डी तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीला तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते.

जुना पेढीवाला अनोळखी मनुष्य हुंडी घेऊन आला, की त्याला बसवी, पाणी देई आणि चौकशीसाठी माणूस पाठवी. घाई करणाऱ्याचा त्याला प्रथम संशय येई. आज खातेदाराने स्वतःच स्वतःच्या पेढीवर बसावे. घाई करणाऱ्याचा दूरध्वनी ठेवून द्यावा, पाणी प्यावे, घरच्या एका माणसाला विचारावे आणि मगच उत्तर द्यावे.